टेबलावरचा बाण

१ नोव्हेंबर, शनिवार

डायरी दिनेशने दिली. वर त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं नाव, आत दर महिन्याला एक सुविचार. सुविचारांवर कोरा कागद चिकटवला. आजपासून रोज पाच ओळी लिहायच्या. जास्त नाही, कमी नाही.

पुढच्या रविवारी बास्केटबॉलची प्रो लीग सुरू. आपला नाशिकचा संघ गोदा गरुड. गेल्या वर्षी आठ संघांत सातवा आला. आठवा येतो तो लीगमधून बाहेर. यंदा आपण चौदापैकी दहा सामने जिंकू. लिहून ठेवते.

‘आपण’ लिहिलं ते चुकलं. मी टेबलावरचं माणूस. स्कोअरशीट लिहिणाऱ्या बाईला संघ नसतो. दोन्हीकडचे सारखे. तेव्हा पहिला संकल्प: ‘आपण’ म्हणायचं नाही. दुसरा: खेळाडूंशी बोलायचं नाही.

पाचच्या वर ओळी झाल्या. उद्या कमी लिहीन.

२ नोव्हेंबर, रविवार

तेजलचा पुण्याहून फोन. आई, बाबांना जाऊन पाच महिने झाले, एकटी किती दिवस राहणार, इकडे ये, एक खोली रिकामीच आहे. म्हटलं, लीग आहे. म्हणाली, लीग संपल्यावर? म्हटलं, मग पुढची लीग. म्हणाली, आई, तू काय खेळाडू आहेस का?

मी एकटी वगैरे काही नाही. टेबलावर आम्ही तिघं असतो. एक शॉट-क्लॉकवाला, एक घड्याळवाला आणि मी.

घड्याळावर आता दिनेश असणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

सराव बघायला गेले. बघायला म्हणजे टेबलाची उंची तपासायला. बरोबर आहे. दोन तास तपासली.

नवीन मुलगा आलाय. बहिरू देवरे. नामपूरचा, एकोणीस वर्षांचा, सहा फूट सहा इंच. सगळे त्याला रुकी म्हणतात. एका पत्रकाराने विचारलं, गावाकडे कांदे फेकून नेम शिकलास का? तो म्हणाला, आमच्याकडं कांदे फेकत नाहीत, विकतात. पत्रकार दुसरीकडे गेला.

मला मुलगा आवडला. म्हणजे टेबलाच्या दृष्टीने. जर्सीवरचा नंबर लांबून वाचता येतो.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्या. ७.४०

पहिला सामना. कोल्हापूर ८८, गोदा गरुड ६१. कारण स्पष्ट आहे. फरशीला काल पॉलिश केलं, आपल्या मुलांना ते कोणी सांगितलं नाही. कोल्हापूरची मुलंही त्याच फरशीवर खेळली, पण त्यांना फरशीची सवयच नव्हती, म्हणून त्यांना फरक पडला नाही.

बहिरूचे चार पॉइंट आणि पाच फाऊल. पाचवा फाऊल झाला की खेळाडू बाहेर. तिसऱ्या क्वार्टरलाच गेला. लिहिताना पेन अडलं. रिफिल संपत आली असणार.

ह्यांच्या खुर्चीवर दिनेश बसला. बसणारच, घड्याळ कोण चालवणार? बसण्याआधी त्याने रुमालाने खुर्ची पुसली. ते बरं केलं. पण मग सामनाभर एक हात टेबलावर पसरून बसला होता. शिस्त नाही.

शीटमध्ये एकही चूक नाही. बावीस वर्षांत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

बावीस वर्षांचं एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

२००३. हे जिल्हा संघटनेच्या सामन्यांना घड्याळ चालवायचे. तेजल शाळेत, मी घरी बसून करणार काय, म्हणून सोबत जायचे. एक दिवस शीट लिहिणारे सर आलेच नाहीत. हे म्हणाले, तुझं अक्षर चांगलंय, बस. बसले. पुन्हा उठले नाही.

माझी सातवी झालेली. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. वाचनालयातून डिक्शनरी आणली आणि दीड वर्षात सगळं वाचून काढलं, कलम न् कलम. हे म्हणायचे, वाचायचं तू आणि संध्याकाळी मला तोंडी सांगायचं. सांगायचे. नियम मला पाठ, घड्याळ ह्यांच्याकडे. असा संसार.

रडू वगैरे येत नाही. माणसाने कामात असावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सामना पुण्यात. बाहेरगावच्या सामन्यांना तिथलंच टेबल असतं. घरी मोबाईलवर लावला आणि माझी शीट मी भरली. पुणे ७९–७०. माझ्या शीटमध्ये पुणे ७७. लीगला ईमेल केला.

तेजल म्हणाली, अगं, पुण्यातच होता सामना, आली असतीस! म्हटलं, मी परक्या टेबलाकडे बघत बसत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गंगापूर रोडला रिक्षाची वाट बघत होते. समोरून बहिरू. त्याला टाळायला जागाच नव्हती, सहा फूट सहा इंच. म्हणाला, मावशी, मना पाचवा फाऊल खरंच व्हता का?

मी खेळाडूंशी बोलत नाही. पण हा प्रश्न शीटविषयी होता. म्हटलं, खरा होता. दोन तर उगाच केलेस, चेंडू हिसकावायला गेलास. त्यापेक्षा चेंडूला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मार. दोघांनी धरला आणि सुटेना, की रेफरी शिट्टी मारतो. तो फाऊल नाही.

म्हणाला, मंग चेंडू कोनाचा?

त्याला बाण समजावला. टेबलावर एक लाल बाण असतो. तो ज्या बाजूला दाखवतो, त्या बाजूला बास्केट करणाऱ्या संघाला चेंडू. चेंडू आत आला की बाण उलट फिरवायचा, म्हणजे पुढची पाळी दुसऱ्या संघाची. तेव्हा एक डोळा टेबलावर ठेव. बाण आपला असेल तर खुशाल मिठी मार. समोरच्याचा असेल तर हात लावू नकोस.

म्हणाला, तुमी मान खाली घालून लिव्हता, मंग बाण कवा फिरवता?

म्हटलं, आपोआप. लिहिता लिहिता हात जातो. वर बघते तर फिरलेला असतो. बावीस वर्षांची सवय आहे, बाबा.

हे शिकवणं नव्हे. नियम छापलेले आहेत, कोणीही कोणालाही सांगू शकतो.

३० नोव्हेंबर, रविवार

घरचा सामना. नागपूर ८२–७५. चौथा पराभव. पण बहिरू १८! फाऊल फक्त दोन. तीनदा चेंडूला मिठी, तिन्हीदा बाण आपला.

शेवटच्या मिनिटाला मी ओरडले अशी तक्रार रेफरीने केली. मी ओरडले नाही. मला खोकला आला आणि त्यात ‘मार’ असा आवाज निघाला. दिनेशला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, मावशी, तुम्ही उभ्यापण राहिला होतात.

खोकला उभं राहून मोकळा होतो.

७ डिसेंबर, रविवार

जिंकलो! ७१–६६!! सोलापूरला

दुरुस्ती. गोदा गरुड संघाने सोलापूर संघावर पाच गुणांनी विजय मिळवला. बहिरू २२. आता दहा होणं कठीण, पण उरलेल्या नऊपैकी सात जिंकले तर आठ होतात. आठ म्हणजे पहिल्या चारांत.

घरी येऊन दिवा लावला आणि ह्यांच्या फोटोसमोर सामना सांगत बसले. सांगितला म्हणजे आकडे वाचले. पहिला क्वार्टर, दुसरा, असे. ह्यांनाही आकडेच आवडायचे.

१४ डिसेंबर, रविवार

मुंबई ९१–६०. बोलण्यासारखं काही नाही. कारण हॉलमधला डीजे.

सामन्यानंतर कोच ज्ञानेश सरांना चिठ्ठी दिली. बिनसहीची, कारण मी तटस्थ आहे. बहिरूला चौथ्या क्वार्टरपर्यंत जपून ठेवा, आणि त्याचा डाव्या हाताचा शॉट सुधारा.

सर तिथेच वाचून म्हणाले, मावशी, अक्षर तुमचं आहे. बरं, तो डाव्या हाताने एकही शॉट मारत नाही. तुम्ही नक्की कोणाला बघताय? म्हटलं, शीटमध्ये दिसतं सगळं. म्हणाले, तुम्ही त्याचे पॉइंट लिहा, शॉटचं मी बघतो.

सर मोकळं बोलतात. पुढच्या चिठ्ठीला हरकत दिसत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

निम्मी लीग झाली. सात सामने, विजय एक.

हे मी शांतपणे लिहितेय. उरलेले सात जिंकले तर अजून आठ होतात.

४ जानेवारी, रविवार

कोल्हापुरात जाऊन जिंकलो! मोबाईलवर बघितला. शेवटचं दीड मिनिट चार्जिंग गेलं. चार्जर लावून बघते तर मुलं एकमेकांच्या अंगावर पडलेली. म्हणजे आता दोन विजय.

तेजल म्हणते, तुमच्या खाली फक्त सांगली आहे ना? त्यांचा एक विजय. म्हटलं, वर कोण आहे ते विचार. म्हणाली, वर सगळेच आहेत.

ही मुलगी ह्यांच्यावर गेली. ह्यांनाही बोलणं असंच एका वाक्यात संपवायची खोड.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

वरच्या लताबाईंकडे हळदीकुंकू. जिन्यात चपलाच चपला. संध्याकाळी त्यांनी दारात येऊन तिळगूळ हातात दिला आणि म्हणाल्या, तुम्हाला कामं असतील म्हणून म्हटलं उगाच वर बोलावून त्रास नको. माझ्याकडे न बघता, दाराच्या कडीकडे बघून म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्रास नव्हता वाटतं.

मला खरंच वेळ नव्हता. नवी पेनं कागदावर चालवून बघायची होती. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. एक पानभर लाल रेघा मारल्या. छान उठतं लाल.

तिळगूळ कडक होता. दोन खाल्ले.

१८ जानेवारी, रविवार

घरचा सामना. पुणे ८०–७८. दोन पॉइंटांनी. आणि ह्याला जबाबदार दिनेश.

म्हणजे पूर्ण नाही. पण तिसऱ्या क्वार्टरला मी बहिरूचे पॉइंट लिहीत असताना त्याचा हात पुन्हा माझ्यासमोरून आडवा गेला आणि पेन सरकलं. आठाचा तीन होता होता वाचला. नोव्हेंबरपासून बघतेय, ह्याचा उजवा हात सारखा माझ्या बाजूला. डावा घड्याळावर, उजवा माझ्या डोक्यात. ह्यांच्या कोपराचा बावीस वर्षांत कधी त्रास झाला नाही.

सामना संपल्यावर सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, दिनेश, हे टेबल आहे, तुझ्या दुकानाचा काउंटर नाही. पुढच्या वेळी तुझी खुर्ची त्या टोकाला. माझ्या सामानाला हात लागता कामा नये. शीट, पेनं, फाऊलच्या पाट्या, बाण, सगळं माझं. तो म्हणाला, मावशी, पण... आणि थांबला. म्हटलं, बोल ना. म्हणाला, काही नाही, लावतो खुर्ची.

मोबाईलमध्ये तोंड घालून बसणाऱ्या पोरांना वाक्य पुरं करता येत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

गेल्या रविवारी हरलो, आजही हरलो. दोन्ही बाहेरगावी. त्याबद्दल लिहिणार नाही.

सांगलीही दोन विजयांवर आली. पुढच्या रविवारी शेवटचा सामना, नाशिकमध्ये, सांगलीशीच. हरेल तो आठवा. आठवा तो बाहेर.

आपण बाहेर गेलो तर नाशिकला लीग नाही. लीग नाही तर टेबल नाही. शाळांचे सामने आता नवी मुलं टॅबवर लिहितात. मग तेजलला काय कारण सांगू?

पुणे वाईट नाही. खोलीला खिडकी आहे. पण त्या घरात मी बसून राहीन आणि सगळे येता-जाता विचारतील, आजी, काही हवंय का?

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९

आज खोकला येणार नाही. आज उभी राहणार नाही. मी दगड आहे.

रविवार, संध्या. ८.१५

जिंकलो. आपण जिंकलो. आपण, आपण, आपण. खोडणार नाही.

७४–७३!!!

नीट लिहिते. दोन मिनिटं उरली तेव्हा सांगली तीन पॉइंटांनी पुढे. बहिरूने चेंडूला मिठी मारली, बाण आपला, चेंडू आपला, त्यावर बास्केट. मग एकेक फ्री-थ्रो. सहा सेकंद उरले, ७३–७२, चेंडू सांगलीकडे. तो त्यांनी नुसता धरून ठेवला असता तरी झालं असतं. बहिरूने पुन्हा मिठी मारली. शिट्टी. सगळा हॉल टेबलाकडे बघायला लागला. बाण आपला! चेंडू आत, बहिरू, बास्केट, भोंगा. मी मान वर केली तेव्हा चेंडू जाळीतून खाली पडून उड्या मारत होता.

संघाचे मालक पिंपळगावचे. त्यांच्या कोल्ड स्टोअरेजमधून द्राक्षांच्या पेट्या आल्या होत्या, हरलो असतो तर परत गेल्या असत्या. सगळ्यांना द्राक्षं वाटली. मला दोन किलो. ज्ञानेश सर माझ्या पाया पडले, चिठ्ठ्यांचा परिणाम झालेला दिसतो.

सांगलीचा कप्तान टेबलासमोर येऊन उभा राहिला. पस्तिशीचा असेल, गुडघ्याला पट्टा. शीटकडे बघत राहिला, मग गेला. पुढच्या वर्षी सांगली नाही. मला काही वाटलं नाही, मी तटस्थ आहे.

दिनेश टेबलाच्या त्या टोकाला तसाच बसून होता. द्राक्षं घेतली नाहीत. म्हटलं, तुझ्याशिवायही सगळं झालं बघ नीट. त्याने नुसती मान हलवली.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दिनेश घरी आला. चहा नको म्हणाला. ह्यांच्या फोटोकडे बघत म्हणाला, मावशी, काल बाण फिरला नाही.

म्हटलं, कधी?

म्हणाला, दोन मिनिटं उरली होती तेव्हा. चेंडू आपल्याला मिळाला, मग बाण सांगलीकडे फिरायला हवा होता. तो तसाच राहिला. सहा सेकंदांवरचा चेंडू सांगलीचा होता.

म्हटलं, शक्य नाही. माझा हात आपोआप जातो.

त्याने फोटोवरची नजर काढली. मग म्हणाला, तुमचा हात जात नाही, मावशी. काका फिरवायचे. जूनमध्ये मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, तेव्हा म्हणाले, आता घड्याळ तू चालवशील. तिची मान लिहिण्यात असते, बाण राहतो. चेंडू आत आला की तू फिरव. घड्याळ डाव्या हाताने चालव, उजवा मोकळा ठेव. आणि तिला सांगू नकोस.

यंदा घरच्या प्रत्येक सामन्याला ह्यानेच फिरवला. क्वार्टरची सुरुवातही बाणानेच होते, काल तेवढ्यासाठी उठून येऊन फिरवून गेला. पण शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळ सोडता येईना, आणि खुर्ची त्या टोकाला. हाक मारली म्हणाला, दोनदा. मला ऐकू आली नाही.

म्हटलं, तू खोटं बोलतोस. स्वतःच्या चुका माझ्यावर ढकलतोस. ह्यांचं नाव मध्ये घालतोस, लाज नाही वाटत? चालता हो.

तो गेला. चपला घालताना म्हणाला, काका म्हणायचे, तिच्यासारखी शीट महाराष्ट्रात कोणी लिहीत नाही.

सोमवार, दुपारी ४

खरं-खोटं करण्यासाठी मोबाईलवर जुना सामना लावला. कोरी शीट घेतली. बाण नव्हता, म्हणून चमचा ठेवला, दांडा खिडकीकडे. पूर्ण क्वार्टर लिहिला, नेहमीच्या वेगाने, मनात काही न आणता. चेंडू तीनदा अडकला.

क्वार्टर संपल्यावर मान वर केली. दांडा खिडकीकडेच.

दुसरा क्वार्टर लिहिला. खिडकीकडेच.

चहा केला. चमचा विसळून त्यानेच साखर घातली. बावीस वर्षं शेजारी बसून हा माणूस काही बोलला नाही. मी घरी येऊन ह्यांनाच सांगायचे, बघा, आज बाणसुद्धा कसा चोख फिरवला. म्हणायचे, हो ना.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गप्प बसायचं. ठरलं.

एक तर रेफरीने बघायला हवं होतं, दोन रेफरी होते. सांगलीच्या कोचने बघायला हवं होतं, तो पगार कशाचा घेतो? हरकत सामना संपल्यावर पंधरा मिनिटांत घ्यायची असते, कोणी घेतली नाही. मला पाठ आहे सगळं. आणि सहा सेकंदांत बास्केट बहिरूने केली, बाणाने नाही.

द्राक्षं आंबट निघाली. सगळी लताबाईंकडे पाठवली.

तो गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस शीटकडे नक्की काय बघत होता?

११ फेब्रुवारी, बुधवार

लीगला पत्र लिहिलं. ईमेल नाही, हाताने, निळ्या पेनाने. चूक टेबलाची, टेबल म्हणजे मी. बाण फिरवण्याचं काम माझं होतं, ते माझ्याकडून झालं नाही. आजवर ही चूक झाली नव्हती, याचं कारण माझे यजमान, आणि यंदा दिनेश. सांगली संघाला त्यांचा चेंडू मिळाला नाही. योग्य तो निर्णय घ्यावा. एक प्रत सांगलीला.

दिनेशच्या दुकानात जाऊन त्याला वाचायला दिलं. वाचून म्हणाला, मावशी, नाशिक बाहेर जाईल. म्हटलं, शुद्धलेखन बघ.

पोस्टात टाकलं. पावती घेतली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बहिरू आला. दारात वाकून. बातमी सरावाला पोहोचली होती. म्हणाला, मावशी, मी बाण बघूनच मिठी मारली. तुमीच सांगेल व्हतं. बाण त्यांचा असता तर मी हात नसता लावला.

म्हटलं, माहीत आहे.

म्हणाला, मंग मी जिंकाडलं ते खरं का खोटं? कालपासून गावात फ्लेक्स लागेल शे माझा, मंडीच्या दारात.

म्हटलं, शॉट खरा. मिठीपण खरी. बाण खोटा, तो माझा.

तो पायरीवर बसला. बसल्यावरही माझ्याएवढाच. म्हणाला, लोक म्हनतात, मावशीनं घोळ करून ठेवला. मी म्हनलं, ती माझ्या टेबलाची मावशी शे, तिच्याबद्दल बोलू नका.

भाकरी-पिठलं खाऊन गेला. चार भाकरी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लीगचं उत्तर. सामन्याचा निकाल कायम. हरकतीची मुदत संपलेली आहे. म्हणजे सांगली बाहेर ती बाहेरच, नाशिक आत ते आतच. माझ्या पत्राने एक पॉइंटही इकडचा तिकडे झाला नाही.

दुसरा परिच्छेद: आपल्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. तिसरा परिच्छेद: पुढच्या मोसमात टेबलासाठी नवीन पॅनल नेमत आहोत. आजवरच्या सेवेबद्दल आभार.

ज्ञानेश सरांचा फोन. मावशी, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? म्हटलं, काही नाही. म्हणाले, मग? म्हटलं, मग काय? बाण फिरायला हवा होता.

सांगलीचं उत्तर नाही. पुन्हा लिहीन. दर महिन्याला लिहीन.

तेजल म्हणाली, आई, आता तरी ये. आता काय आहे तिकडे? म्हटलं, मार्चमध्ये प्रदर्शनीय सामना आहे. म्हणाली, पण तुला टेबलावरून काढलं ना? म्हटलं, तिकीट मिळतं.

१५ मार्च, रविवार

तिकीट काढून गेले. तिसरी रांग. पिशवीत पेनं होती, काढली नाहीत. टेबलावर दोन मुली टॅब घेऊन बसलेल्या, घड्याळावर दिनेश. त्याने लांबूनच हात केला.

हातात काही नसल्यामुळे समोर बघावं लागलं.

बहिरू उजव्या हाताने मारतो. मारण्याआधी जर्सीची कॉलर दातात धरतो. उडी मारली की वर जरासा थांबतो, खाली यायचं विसरल्यासारखा, आणि मग चेंडू सोडतो. चेंडू जातानाही आवाज करत नाही, जाळी करते. हे इतकी वर्षं इथेच चाललेलं असणार, माझ्यापासून दहा पावलांवर. ह्यांचं तोंड समोर असायचं, ह्यांनी सगळं बघितलं असेल.

मध्यंतर कधी झालं कळलं नाही. कोणीतरी शेंगदाण्याची पुडी दिली, ती खाल्ली. शेवटी भोंगा वाजला. शेजारी एक बाई नातवाला घेऊन बसली होती, पोर मांडीवर झोपलेलं. तिने विचारलं, अहो, स्कोअर किती झाला?

मला सांगता आला नाही.

ती म्हणाली, अगंबाई! मग एवढा वेळ डोळे फाडून बघत काय होतात?